सायराआपा आणि पर्याय क

“ती दुसरी न्हाय आली?”

खारबाव स्टेशनबाहेरच्या पारावर बसलेल्या एका बाईने शेजारणीला हळूच विचारलं. तिची माझ्याकडे पाठ होती, त्यामुळे मला ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं असावं. शेजारणीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि म्हणाली, “न्हाय. ही एकटीच हाय.”

“मंग चला. वाल सोलायचं पडलंय घरी.”

पाच-सहा बायका उठल्या, लुगड्याला लागलेली माती झटकू लागल्या. मी त्यांना थांबवायला हवं होतं. ‘थांबा’ एवढा शब्द मला येतो. पण मी नुसतीच हसले आणि कागदांना लावलेला चिमटा उघडून पुन्हा लावला.

तेवढ्यात अंजूरफाट्याकडून एक रिक्षा आली. ती पुरती थांबायच्या आतच मागच्या सीटवरून एक पाय बाहेर आला आणि पाठोपाठ आवाज, “काय गं चंद्राबाय, मला बघून पळतेस काय?”

“तुझीच तर वाट बगत व्हतो. वाल सोलायला चाललो.”

“मग इकडेच आण की. मी काय हात घरी ठेवून आलेय?”

वाल आले. सूप आलं. उठलेल्या बायका परत बसल्याच, वर न बोलावलेल्या दोघी आल्या. सायराआपा पारावर मांडी घालून शेंगा सोलू लागली. सुरुवातीला तिने रेल्वेचं नावही काढलं नाही. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या घरात नळाला पाणी नाही, असं चाललं होतं. मी कडेला बसून माझ्या यादीतला पहिला प्रश्न मनात घोळवत होते, ‘तुम्ही प्रवासासाठी कोणत्या साधनाचा वापर करता?’ या बायकांसमोर तो प्रश्न सोवळं नेसून आल्यासारखा वाटत होता.

मग मध्येच, सोललेले दाणे सुपात टाकता टाकता, आपाने विचारलं, “एवढं स्टेशन दारात आहे, तरी रिक्षात कोंबून का जाता गं?”

चंद्राबाय भिवंडीत एका लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, सुताच्या कांड्या भरायला जायची. ती म्हणाली, “गाडी हाय गं बाय, पन गाडीला येल न्हाय. आमच्या येलंला गाडी न्हाय, नी गाडीच्या येलंला आमाला काम न्हाय.”

सगळ्या हसल्या. मी ते वाक्य लिहून घेतलं, ‘येल म्हणजे वेळ’ असं कंसात टाकून. पुढचे कित्येक आठवडे मी जे काम केलं ते सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं, आणि ते वाक्य मला मिळालेलं नव्हतं, तिला मिळालं होतं. मी तिथेच होते, कान उघडे ठेवून, वेळेवर आलेली. तरी ते तिला मिळालं.

आम्ही दोघी एकाच ऑफिसात होतो. ठाण्याहून भिवंडीला वळसा घालून वडप्याकडे जाणारा हायवे गाड्यांनी तुंबतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो मोकळा करायचा तर रेल्वेची कुठली सोय करावी, याचा अभ्यास आमच्या लहानशा सल्लागार कंपनीकडे आला होता. समोर तीन पर्याय होते. अ म्हणजे हायवेच्या कडेने खांबांवरून जाणारी नवी मेट्रो. ब म्हणजे शहरातून रस्त्याच्याच पातळीवर धावणारी हलकी रेल्वे, ट्रामची नात म्हणा. आणि क म्हणजे दिवा-वसई ही आहे तीच लाइन. तिच्यावर दिवसाला मोजक्याच प्रवासी गाड्या धावतात. त्या वाढवायच्या, कामाच्या वेळांना जुळवायच्या आणि स्टेशनांपासून गावात आणि कारखान्यांपर्यंत बस सोडायच्या. क मध्ये दाखवण्यासारखं काही नव्हतं. खांब नाहीत, काचेची स्टेशनं नाहीत, उद्घाटनाला फीत बांधायलाही नीट जागा नाही. क माझा होता. माझा म्हणजे, ऑफिसात त्याच्यावर विश्वास असलेली मी एकटी होते आणि मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सायराआपाचं आडनाव खोत. घर भिवंडीच्या जुन्या वस्तीत, कित्येक पिढ्यांचं. तिचं वय माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी जास्त असावं. बाकी तिचं शिक्षण, लग्न वगैरे मला तुकड्यातुकड्याने कळलं आणि ते मी इथे जोडत बसणार नाही. ती बुटकी होती, अंगाने भरलेली, आणि चालायची मात्र भरभर. ओढणीचं एक टोक कायम डाव्या मनगटाला गुंडाळलेलं. समोरचा बोलायला लागला की ती ते टोक सोडवून पुन्हा गुंडाळायची, आणि जितकं लक्ष देऊन ऐकत असेल तितके वेढे वाढत जायचे. फोनमधला नकाशा ती कधी बघायची नाही. रस्ता समजवायचा असला की चपलेच्या टोकाने धुळीत रेघा मारायची आणि शेवटी त्याच चपलेने पुसून टाकायची. पर्समध्ये भाजलेले चणे. कुणालाही प्रश्न विचारण्याआधी ती त्याच्या हातावर चणे ठेवायची. “तोंड एकदा चालू झालं की मग बंद होत नाही, तनू. तू करून बघ.”

तनू मला फक्त आई म्हणते. ऑफिसात मी तन्वी आहे, शाळेत आडनावाने होते. आपाने दुसऱ्याच दिवशी, न विचारता, मला तनू करून टाकलं. मी ते चालवून घेतलं. मी फारसं काही बोलतच नाही.

ती नेहमी उशिरा यायची आणि तिचा उशीर कुणाला खटकायचा नाही. मी नेहमी वेळेवर असायचे आणि ते कुणाच्या लक्षात यायचं नाही. आमचे वरिष्ठ, प्रधान सर, मला काही समजावताना हळू आणि स्पष्ट बोलायचे, जसं आजारी माणसाशी बोलतात. तिच्याशी भांडायचे आणि भांडण संपलं की दोघं चहा प्यायचे. मला कुणाशी असं भांडता येईल का, याचा मी खूप विचार केला आहे.

तिचा राग आला असता तर सोपं झालं असतं. पण राग येण्यासारखं ती काही करायची नाही. उलट जिथे जाईल तिथे माझं कौतुक. “ही आमची तन्वी. कम्प्युटर आहे नुसता.” लोक माझ्याकडे बघून मान हलवायचे, जसं नवीन फ्रिजकडे बघतात. मग वळून तिच्याशी बोलायला लागायचे.

बोलणं. सगळं तिथेच येऊन थांबायचं. ती खारबावच्या बायकांशी ‘हाय-न्हाय’ करायची, लूमवर बिहारी कारागिराला “भैया, ड्युटी कब छूटती है” विचारायची, घरच्यांशी तिसरंच काही बोलायची आणि साहेबांपुढे शुद्ध मराठी. एकातून दुसऱ्यात जाताना तिला पायरी लागायची नाही. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. घरात मराठी होती, पण ती जेवणाखाण्याची आणि रुसव्याफुगव्याची. एकोणसत्तर की एकोणऐंशी, यावर मी आजही क्षणभर अडखळते. मनात वाक्य एका भाषेत तयार होतं, ते मी दुसरीत आणेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

एकदा मानकोलीजवळ आम्ही जाममध्ये अडकलो. पुढे एक कंटेनर आडवा झाला होता. आमच्या गाडीत प्रधान सर फोनवर, ड्रायव्हर डुलक्या काढत, आणि मी काच वर करून बसलेली. आपा दार उघडून उतरली.

“कुठे चाललीस?” सरांनी विचारलं.

“सर्व्हेला. जाममध्ये माणूस खोटं बोलत नाही सर, त्याला दुसरं कामच नसतं.”

बघता बघता ती रांगेत पुढे गेली. एका ट्रकच्या पायरीवर चढून ड्रायव्हरशी बोलली. मग दोन बाइकवाल्यांशी, मग एका कंपनीच्या बसमधल्या मुलींशी. मला काचेतून तिचे हातवारे दिसत होते आणि लोकांचे दात दिसत होते. एवढ्या उन्हात, एवढ्या धुरात, अडकलेली माणसं हसत होती. परत आली तेव्हा तिच्या हातात कुणीतरी दिलेला अर्धा पेरू होता.

“सर, हे बघा,” ती पेरू खात म्हणाली, “ट्रक काय रेल्वेत बसणार नाही. त्याला इथेच यायचंय. पण ट्रकच्या मधे मधे ही जी पोरं बाइक घालतात ना, ती बसतील. त्यांना हौस नाही इथे मरायची. एक गाडी वेळेवर असेल तर उद्या बाइक विकतील.”

हेच मी दोन पानांत लिहून सरांना पाठवलं होतं. त्यांनी ते वाचलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण आता ते म्हणाले, “वा, सायरा. याला म्हणतात मुद्दा.” आपाने लगेच माझ्याकडे बोट केलं. “हिच्या रिपोर्टात आहे की हे सगळं. मी फक्त जाऊन विचारलं, खरं आहे का.” सर म्हणाले, “हो, हो.” आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. तिने माझं श्रेय मला परत दिलं होतं आणि तेही मला तिच्याकडून घ्यावं लागलं.

दुसरा प्रसंग घरचा. एका संध्याकाळी ती मला सोडायला टेमघरला आली. आई दारात उभी होती. माझी आई कुणाशी पटकन बोलत नाही. मी तिच्यावरच गेले आहे असं सगळे म्हणतात. आईने ‘या ना’ म्हटलं ते शिष्टाचार म्हणून. आपा आत आली ती सरळ स्वयंपाकघरात. आई भाकऱ्या करत होती. आपा तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, “काकू, तुमचा हात गणेशपुरीकडचा दिसतो. तिकडच्या बायका अशा थापतात.”

मी कपडे बदलून आले तर आई हसत होती. आवाज करून. ती सांगत होती की लहानपणी गणेशपुरीला आश्रमाबाहेर तिने हार विकले आहेत, एका परदेशी बाईने तिच्याकडून मराठी शिव्या शिकून घेतल्या होत्या आणि त्या बाईला वाटत होतं की ते नमस्काराचे शब्द आहेत. आई डोळे पुसत होती. मी या घरात जन्मापासून आहे आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

आपा गेल्यावर मी विचारलं, “हे मला कधी सांगितलं नाहीस?”

आई तवा घासत म्हणाली, “तू कुठे खाली बसतेस?”

त्या रात्री मी जेवले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मी जेवले. पण भाकरी हातात घेतली की ती परदेशी बाई आठवत होती.

आता मोजणीबद्दल. तीन पर्यायांतला एक निवडायचा तर लोक कुठून कुठे जातात हे मोजावं लागतं. शहराभोवतीच्या रस्त्यांवर, फाट्याफाट्यावर माणसं बसवून दिवसभर वाहनं आणि त्यांतले प्रवासी मोजायचे. एवढी माणसं मिळेनात. सर चिडलेले. आपा म्हणाली, “मला द्या. घरची माणसं लावते.”

आणि तिने लावली. शेजारच्या कॉलेजातल्या मुली, मामेभाऊ, आतेबहिणी, भावाच्या कारखान्यातले कारागीर. प्रत्येकाला तिने स्वतः शिकवलं, धुळीत रेघा मारून. मोजणीच्या दिवशी मी ऑफिसात संगणकासमोर होते आणि ती एका स्कूटरवर मागे बसून फाट्याफाट्यावर चणे वाटत होती. संध्याकाळी कागद आले. एकही रकाना रिकामा नव्हता. सर म्हणाले, एवढी स्वच्छ मोजणी त्यांनी त्यांच्या नोकरीत पाहिली नव्हती.

मी आकडे भरले. क कोसळला. खारबावकडून येणाऱ्या रस्त्यावर माणसंच नव्हती. रिक्षा अर्ध्या रिकाम्या, टमटम मोजक्याच. हायवे मात्र नेहमीसारखा भरलेला. या आकड्यांनी अ उजळून निघाला. सरांनी क समोर लाल शेरा मारला, ‘मागणी अपुरी, वगळावा’. हे काम ज्या सरकारी खात्याचं, तिथल्या मोठ्या साहेबांच्या बैठकीत त्यावर शिक्का बसायचा होता. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. चूक सापडली नाही, कारण बेरजेत चूक नव्हतीच.

मोजणी पार पडली म्हणून आपाने आम्हाला घरी जेवायला बोलावलं. दुपारची वेळ. तांदळाच्या भाकऱ्या, मटण, आणि शेवटी गोड, वाफवलेलं सांदण. ताटं मोठ्या सतरंजीवर. तिचा मोठा भाऊ मुनाफभाई वाढत होता. त्याचे लूम घराच्या मागेच, त्यांचा खडखडाट भिंतीतून येत होता, त्यामुळे सगळे जरा ओरडूनच बोलत होते.

मुनाफभाई सरांना म्हणाला, “साहेब, माझे सगळे कारागीर पळवले हिने त्या दिवशी. शुक्रवार होता म्हणून दिले. दुसरा वार असता तर एक माणूस सोडला नसता.”

“सोडला असतास,” आपा म्हणाली. “तुझ्या बापाने सोडला असता.”

“शुक्रवारी लूम बंद, पोरं घरात लोळत पडलेली. म्हटलं, जा बाबा, मोज गाड्या.”

सगळे हसले. सरही हसले. सर ठाण्याचे. त्यांच्या लेखी शुक्रवार कामाचा वार. मोजणी शनिवार-रविवारी नको, सणाला नको, एवढाच त्यांचा नियम, आणि तो पाळला गेला होता.

माझ्या हातात सांदणाचा तुकडा होता. टेमघरला आमच्या मागच्या गल्लीतही लूम आहेत. शाळेत असताना मी अवघड धडे शुक्रवारी वाचायचे, कारण त्या दिवशी तो आवाज नसायचा. मोजणीच्या कागदांवर मी तारीख पाहिली होती, वार पाहिला नव्हता. शुक्रवारी चंद्राबाय कांड्या भरायला जात नाही. तिच्यासारख्या शेकडो जणी जात नाहीत. कापड बघायला व्यापारी येत नाहीत, सुताचे टेम्पो निघत नाहीत. गोदामं मात्र उघडी असतात, म्हणून हायवे भरलेला. आम्ही भिवंडी मोजली होती, पण भिवंडी घरी होती त्या दिवशी. इतकंच काय, घरी असलेल्या भिवंडीलाच आम्ही मोजायला बसवलं होतं.

बाहेरच्या एखाद्या कंपनीने हे काम केलं असतं तर ती नियमाप्रमाणे मंगळवार-बुधवारी आली असती आणि ही चूक झाली नसती. ही चूक फक्त इथल्याच माणसाच्या हातून होऊ शकत होती. ज्याच्या हाकेला अख्खी वस्ती येते आणि ती वस्ती शुक्रवारीच मोकळी असते, अशाच माणसाच्या हातून.

मी आपाकडे पाहिलं. ती मुनाफभाईच्या पाठीत धपाटा घालत होती. तिच्या लक्षात आलेलं नव्हतं. शुक्रवार तिच्या इतका अंगवळणी पडलेला होता की तो तिला दिसतच नव्हता.

तेव्हा मला काय वाटलं ते स्पष्ट लिहिते. मला आनंद झाला. क वाचेल म्हणून झाला, तो नंतर. आधी झाला तो दुसराच. एवढ्या सगळ्या माणसांत, एवढ्या हसण्यात, एक गोष्ट अशी होती जी मला माहीत होती आणि तिला नव्हती. मी सांदणाचा तुकडा हळूहळू खाल्ला.

पण नुसतं वाटून चालत नाही, पाहायला हवं होतं. म्हणून पुढच्या बुधवारी मी सकाळी एकटीच खारबाव फाट्यावर जाऊन उभी राहिले. तिथून भिवंडीला यायला मला रिक्षा मिळेना. भरलेली यायची, न थांबता जायची. एका रिक्षात चंद्राबाय होती. तिने मला ओळखलं, मांडीवरचा डबा उचलून जागा करू पाहिली, पण जागा झाली नाही. “मागच्यानं ये गं,” ती ओरडली. मागचीही भरलेली होती. मी एक कागद काढला आणि मोजायला सुरुवात केली. कुणाशी काही बोलावं लागलं नाही. त्या फाट्यावर मला फार बरं वाटत होतं, हेही खरं.

बैठक त्याच दुपारी होती. सभागृहाच्या जिन्यात मी आपाला गाठलं. ती उशिरा आलेली, पायऱ्या चढत होती. मी म्हटलं, “आपा, मोजणी शुक्रवारी झाली.”

“हो, मग?”

ती आणखी एक पायरी चढली, थांबली. ओढणीचं टोक मनगटावरून सुटलं आणि तसंच लोंबत राहिलं. तिचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. क्षणभर ती कुणी नव्हती, नुसती एक दमलेली बाई.

“या अल्ला,” ती म्हणाली. “तुला कधी कळलं?”

“तुमच्याकडे जेवायला आले होते तेव्हा.”

“म्हणजे माझ्याच घरचं सांदण खाऊन?” ती हसली, पण ते हसू तिला जमलं नाही. “सरांना सांगितलंस?”

“नाही.”

“बरं केलंस. मी सांगते. सगळ्यांसमोर सांगते.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं की हीसुद्धा गोष्ट आता तिची झाली.

सायराआपा सध्या नागपूरला आहे, तिकडच्या कुठल्याशा कामावर. कधीमधी तिचा फोन येतो. आईला जास्त येतो. खारबावला मी जाते तेव्हा बायका आधी तिचीच चौकशी करतात. पण मला ती आठवते ती त्या सभागृहातली. पहिल्या रांगेतून उठलेली, माइक नाकारून उभी.

लांबलचक टेबलामागे मोठे साहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंना अधिकारी, समोर नगरसेवक, गोदामवाले, गावोगावची माणसं. सरांनी पर्यायांचा तक्ता पडद्यावर लावला होता. क वर लाल शेरा. आपा म्हणाली, “साहेब, त्या शेऱ्याआधी मला एक चूक कबूल करायची आहे. मोजणी मी शुक्रवारी केली. आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात. माझ्या भावाचे कारागीर फुकट मिळाले म्हणून मी हरखले. ज्यांना मोजायचं होतं, त्यांनाच मी मोजायला बसवलं.”

सभागृह फुटलंच. लोक हसले, मांड्या थोपटून हसले. मागून कुणी ओरडलं, “सायराबेन, आमची म्हैस पण मोजली काय?” तिने वळून उत्तर दिलं, “तुझी म्हैस शुक्रवारी पण कामावर असते रे, तुझ्यासारखी नाही.” पुन्हा हशा. प्रधान सर आधी पांढरे पडले होते, मग तेही हसले. साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. मी तिसऱ्या रांगेत सकाळचा कागद मांडीवर धरून बसले होते. एखाद्याने चूक करावी आणि त्या चुकीमुळे लोकांना तो आणखी आवडावा, हे मी पहिल्यांदा पाहत होते. माझ्या हातून हीच चूक झाली असती तर सर मला हळू आणि स्पष्ट आवाजात समजावत बसले असते.

“तुमचा प्रामाणिकपणा आवडला,” साहेब म्हणाले. “पण आता पुन्हा मोजणी म्हणजे पुन्हा उशीर. क तसाही फार मागे आहे. थोडे आकडे इकडचे तिकडे झाले तर काय मोठा फरक पडणार?”

“पडेल ना साहेब,” आपा म्हणाली. “खारबावला आमची एक चंद्राबाय आहे. ती काय म्हणते माहीत आहे?” आणि तिने ते गाडीचं आणि वेळेचं वाक्य चंद्राबायच्या सुरात म्हणून दाखवलं. हुबेहूब. टाळ्या पडल्या.

साहेबही हसले. “फारच छान,” ते म्हणाले, आणि हसता हसताच त्यांनी समोरच्या कागदाचं पान उलटायला घेतलं. शेजारच्या अधिकाऱ्याने पेनचं टोपण काढलं.

मला ते पान दिसलं. सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणून बहुधा मलाच दिसलं. त्यांना ती आवडली होती, वाक्य आवडलं होतं, आणि तेवढ्यावर काम संपलं होतं. त्या हसण्यात क चालला होता आणि आपा आणखी एक गोष्ट सांगायला तोंड उघडत होती. तिच्या मनगटावर ओढणी नव्हती. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला भीती वाटत होती, हे मला त्या क्षणी समजलं. लोकांना हसवत ठेवणं एवढंच तिला अशा वेळी येत होतं.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला आणि लोक वळले. वाक्य मनात कुठल्या भाषेत तयार झालं होतं, मला आठवत नाही.

“आपा, तुम्ही बसा,” मी म्हणाले. “साहेब, ते पान उलटू नका. शुक्रवारच्या आकड्यांत खारबावचा रस्ता रिकामा आहे. आज बुधवार आहे आणि आज सकाळी त्याच रस्त्यावर मला एकाही रिक्षात जागा मिळाली नाही. मोजलंय मी, कागद माझ्याकडे आहे. त्या फाट्यावर पुन्हा मोजणी होईपर्यंत क काढायचा नाही.”